आपला दिवा दुसऱ्यासाठी

आमच्या घरात एक गोष्ट चौदा वर्षं सांगितली जात होती. पाहुणे आले, जेवणं झाली, चहा आला की कोणीतरी विषय काढायचं आणि अब्बा सुरुवात करायचे. जानेवारीतली बिनचांदण्याची रात्र. जाळं पाण्यात सोडलेलं. लाँचवर सहा माणसं, त्यातली चार झोपलेली. आणि एक भलंमोठं मालवाहू जहाज आंधळ्यासारखं थेट अंगावर आलं. अगदी शेवटच्या क्षणी ते जरासं वळलं, म्हणून लाँच वाचली. पण त्याच्या लाटेनं लाँच आडवी झाली, जाळं जहाजाबरोबर ओढलं गेलं, आणि जाळ्याचा दोर चाचांच्या डाव्या हाताला गुंडाळला गेला.

चाचांचा हात दोन ठिकाणी मोडला. तो आजही कोपरातून पूर्ण सरळ होत नाही. ते पुन्हा दर्यावर गेले नाहीत. गावात छोटं किराणा दुकान टाकून बसले. जाळं गेलं, त्याचं कर्ज फेडण्यात आमची तीन वर्षं गेली. तक्रार केली होती, पण जहाजाचं नाव कोणालाच वाचता आलं नव्हतं. त्यामुळे पुढे काही झालं नाही. गोष्टीचा शेवट अब्बा नेहमी एकाच वाक्यानं करायचे, "मोठ्या जहाजांना गरीब माणूस दिसत नाही." आम्ही भावंडं हे वाक्य ऐकतच मोठे झालो. आम्ही ते शाळेत सांगितलं, सासरी सांगितलं, आमच्या मुलांना सांगितलं.

त्या रात्री आमचा धाकटा दहा वर्षांचा होता. आता तो मालवाहू जहाजावर थर्ड ऑफिसर आहे. आमच्या कोकणी मुसलमान घरांत हे नवल नाही. दादांच्या पिढीतली माणसं मुंबईला जाऊन स्टीमरवर खलाशी होत. उजव्या बाजूला 'जमना' आणि डाव्या बाजूला 'डावा' म्हणण्याची त्यांची बोली घरात अजून अधूनमधून ऐकू येते. एक भाऊ लाँचवर आणि एक भाऊ जहाजावर अशी घरं किनाऱ्यावर पुष्कळ सापडतील. पण एकाच दस्तरखानावर बसून त्या दोघांनी एकमेकांना कधी विचारलं होतं का, की रात्री तुझ्याकडून मी कसा दिसतो?

गेल्या मे महिन्यात धाकटा रजेवर आला. मासेमारीची पावसाळी बंदी 1 जूनला सुरू होते, त्यामुळे लाँच अजून पाण्यात होती. घरी पाहुणे होते. अब्बांनी गोष्ट सांगितली. धाकट्यानं ती शांतपणे ऐकली आणि विचारलं, "अब्बा, त्या रात्री आपल्या लाँचवर कोणकोणते दिवे लागलेले होते?"

अब्बा म्हणाले, "दिवे होते की."

"कोणते?"

अब्बांनी उत्तर दिलं नाही. चाचा कोपऱ्यात बसले होते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि दुकान उघडं राहिलंय म्हणून निघून गेले. दुकान तर मगरिबलाच बंद झालं होतं.

धाकट्यानं पुन्हा विचारलं नाही. बापाला सगळ्यांसमोर उलटतपासणीला उभं करण्यासारखी आमच्याकडची रीत नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तो आम्हांलाच एकेक गोष्ट समजावून सांगू लागला. आम्ही इतकी वर्षं समुद्राच्या काठावर राहिलो, आणि दिवे म्हणजे काय हे आम्हांला ठाऊकच नव्हतं, हे तेव्हा कळलं.

आम्ही समजत होतो की होडीचा दिवा आपल्याला पुढचं दिसावं म्हणून असतो, मोटारीच्या दिव्यासारखा. तसं नाही. समुद्रावर रात्री आपली वाट दाखवायला तारे होते, आता जीपीएस आहे. कुरआनात ताऱ्यांचा उल्लेख जमिनीवरच्या आणि समुद्रातल्या अंधारात वाट दाखवणारे असा आला आहे. ते आपल्यासाठी. होडीवरचा दिवा मात्र दुसऱ्यासाठी असतो. मी इथे आहे, माझं तोंड अमुक दिशेला आहे, मी अमुक काम करतोय, एवढं तो दुसऱ्याला सांगतो.

अम्मीनं दस्तरखानावर एक लांबट ताट ठेवलं आणि धाकट्यानं त्याची होडी केली. होडीच्या डाव्या बाजूला लाल दिवा, उजव्या बाजूला हिरवा. डोलकाठीवर पांढरा दिवा, तो समोरून आणि दोन्ही बाजूंनी दिसतो, मागून दिसत नाही. मागच्या टोकाला आणखी एक पांढरा दिवा, तो फक्त मागून दिसतो. लाल आणि हिरवा प्रत्येकी 112.5 अंशांत दिसतात, म्हणजे नाकासमोरच्या रेषेपासून बाजूच्या आडव्या रेषेच्या थोडं मागेपर्यंत. डोलकाठीवरचा 225 अंशांत, मागचा 135 अंशांत. शेवटच्या दोन आकड्यांची बेरीज केली की 360 होते. म्हणजे कोणत्याही बाजूनं पाहिलं तरी एक तरी पांढरा दिवा दिसलाच पाहिजे, आणि कोणता रंग दिसतो यावरून होडीचं तोंड कुठे आहे हे कळलं पाहिजे.

आमच्या बहिणीच्या मुलीनं लगेच पाठ करून टाकलं, "डाव्याला डाळिंब, उजव्याला ऊस." डाळिंब लाल, ऊस हिरवा. घरातली लहान मुलं आता तेच म्हणतात.

मग धाकट्यानं ताटं फिरवून दाखवलं. समोर लाल आणि हिरवा दोन्ही एकत्र दिसले, तर समोरचा सरळ आपल्यावर येतोय. दोघंही इंजिनावर चालत असतील तर दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचं. नुसता लाल दिसला, तर त्याची डावी बाजू आपल्याकडे आहे. तो आपल्या उजव्या हाताला असून आपली वाट कापून जात असेल, तर वाट आपण द्यायची. नुसता हिरवा दिसला आणि तो आपल्या डाव्या हाताला असेल, तर वाट देणं त्याचं काम. इंजिनावर चालणाऱ्या 50 मीटर किंवा त्याहून लांब जहाजाला दोन पांढरे दिवे असतात, पुढचा खाली आणि मागचा वर. ते एकमेकांच्या बरोबर वरखाली एका रेषेत आले की समजायचं, जहाज आपल्याच दिशेनं तोंड करून आहे.

हे नियम अनेक देशांनी मिळून केलेल्या 1972 च्या करारात आहेत, आणि 15 जुलै 1977 पासून ते लागू आहेत. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत दिवे लावायचे. धुक्यात किंवा मुसळधार पावसात नीट दिसत नसेल तर दिवसासुद्धा लावायचे. हे दिवे ओळखण्यात घोटाळा होईल असा दुसरा कोणताही दिवा या वेळात लावायचा नाही.

आम्ही विचारलं, "जाळं टाकलेलं असेल तर?"

"तेच तर सांगायचंय," तो म्हणाला. मासेमारी चालू असलेल्या नौकेसाठी वेगळी खूण आहे. ट्रॉलरनं पाण्यात जाळं ओढत असताना वर हिरवा आणि त्याखाली पांढरा, असे चहूबाजूंनी दिसणारे दोन दिवे लावायचे. इतर जाळ्यांसाठी वर लाल आणि त्याखाली पांढरा. या दुसऱ्या प्रकारात जाळं होडीपासून आडवं 150 मीटरपेक्षा जास्त पसरलेलं असेल, तर जाळ्याच्या दिशेला आणखी एक पांढरा दिवा. होडी पाण्यातून पुढे चालत असेल तरच बाजूचे लाल-हिरवे आणि मागचा पांढरा त्यांच्या जोडीला लावायचे.

मग त्यानं जे सांगितलं, ते ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. खुल्या समुद्रात इंजिनावर चालणाऱ्या जहाजानं मासेमारी करणाऱ्या नौकेला वाट द्यायची असते. जहाज कितीही मोठं असो, लाँच कितीही लहान असो. कायदा आमच्या बाजूचा होता! पण त्या जहाजाला कळलं पाहिजे की समोरची नौका मासेमारी करते आहे. ते सांगणारी खूण म्हणजे तो लाल आणि पांढरा दिवा. आमच्या लाँचवर तो लाल दिवा कधी बसवलेलाच नव्हता. अब्बांच्या काळात आमच्या बंदरात तो फारसा कोणी बसवतही नव्हतं.

"आणि नुसता एक पांढरा दिवा दिसला तर तुम्ही काय समजता?" आमच्यातल्या मोठ्यानं विचारलं. लाँच आता तोच चालवतो.

"काहीही समजू शकतो," धाकटा म्हणाला. एकटा पांढरा दिवा म्हणजे पुढे चाललेल्या जहाजाचा मागचा दिवा असू शकतो. नांगरलेली होडी असू शकते. छोटं होडकं असू शकतं. किनारा जवळ असेल तर एखाद्या घराचा बल्ब असू शकतो. ब्रिजवर उभा असलेला माणूस त्या ठिपक्याकडे पाहून, तो सरकतोय की एका जागी आहे, याचा अंदाज घेत राहतो. त्यात मिनिटं जातात.

ही मिनिटं किती मोलाची असतात हे त्यानं हिशेब करून दाखवलं. आमची लाँच पंचेचाळीस फुटांची, म्हणजे 12 मीटरपेक्षा लांब आणि 20 मीटरपेक्षा कमी. या मापाच्या नौकेचा डोलकाठीवरचा दिवा किमान 3 सागरी मैलांवरून आणि बाकीचे दिवे किमान 2 मैलांवरून दिसले पाहिजेत. एक सागरी मैल म्हणजे 1852 मीटर. 50 मीटर किंवा त्याहून मोठ्या जहाजाचा डोलकाठीवरचा दिवा 6 मैलांवरून आणि बाजूचे 3 मैलांवरून दिसावे लागतात. म्हणजे आपल्याला जहाज जितक्या लांबून दिसतं, तितक्या लांबून आपण जहाजाला दिसत नाही. लाँचवरचा माणूस म्हणतो, "मला तर तो केव्हापासून दिसतोय!" आणि त्याचाही मी दिसतोच आहे अशी त्याची खात्री होऊन बसते.

जहाज ताशी 14 सागरी मैलांनी येत असेल, तर रस्त्याच्या भाषेत तो वेग साधारण 26 किलोमीटर, एसटीपेक्षाही कमी. पण या वेगानं 2 मैल संपायला जेमतेम साडेआठ मिनिटं लागतात. दिवा अर्ध्या मैलावर आल्यावरच दिसला, तर हाती दोनच मिनिटं उरतात. एवढ्यात मोठं जहाज थांबत नाही, वळायलाही त्याला वेळ लागतो. शिवाय अगदी जवळ आल्यावर ब्रिजवरून आपण दिसेनासे होतो. जहाजाच्या पुढच्या टोकापलीकडे त्याच्या दोन लांबींइतकं किंवा 500 मीटर, यांतलं जे कमी असेल, तेवढं पाणी झाकलेलं असलं तरी ते नियमात बसतं.

"रडार असतं ना?" आम्ही विचारलं. असतं. पण लाकडाची किंवा फायबरची लहान लाँच रडारवर लोखंडी जहाजासारखी ठळक उमटत नाही. लाटांच्या ठिपक्यांत ती हरवू शकते.

रविवारी मगरिबनंतर धाकटा म्हणाला, "चला, आपले दिवे खरंच किती लांबून दिसतात ते पाहू." खाडीच्या तोंडाशी लाँच नांगरून मोठा तिच्यावर थांबला. वारा समुद्राकडून होता, त्यामुळे लाँचचं तोंड समुद्राकडे होतं. नांगरलेल्या होडीनं चालतानाचे दिवे लावायचे नसतात. त्या दिवशी ते फक्त तपासण्यापुरते लावले आणि शेजारच्या होड्यांना तसं आधी सांगून ठेवलं. आम्ही बाकीचे शेजाऱ्यांच्या छोट्या होडीतून तिच्या नाकासमोर बाहेर निघालो. धाकट्याच्या हातात जीपीएस होता. अब्बाही आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं आणि कोणी नकोही म्हणालं नाही.

अर्ध्या मैलावर तिन्ही दिवे दिसत होते, पण लाल दिवा लाल वाटत नव्हता. उन्हानं त्याची काच फिकी पडून गुलाबी झाली होती. पाऊण मैलावर हिरवा गेला. आम्ही डोळे ताणले, दुर्बीण लावली. दुर्बिणीतून पुसटसा दिसला, नुसत्या डोळ्यांनी नाही. एका मैलावर लाल गेला. दीड मैलावर पांढराही विझल्यासारखा झाला.

मधेच लाँचवर एकदम लख्ख उजेड झाला. मोठ्यानं चहा करायला डेकवरचा एलईडी लावला होता. तो उजेड लांबून छान दिसत होता, पण तो लागल्याबरोबर जवळून दिसणारे लाल-हिरवेसुद्धा त्यात बुडून गेले असते. लाँचवर काहीतरी आहे एवढं कळलं असतं, तिचं तोंड कुठे आहे ते कळलं नसतं. धाकट्यानं फोन करून तो दिवा बंद करायला सांगितला. तो बंद झाला आणि आमच्यासमोर फक्त काळोख उरला.

अब्बा त्या काळोखाकडे पाहत होते. चाळीस वर्षं त्यांनी लाँचवरून समुद्र पाहिला होता. समुद्रावरून आपली लाँच पाहण्याची ही त्यांची पहिलीच वेळ असावी. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "पोरगा तिथंच आहे ना?"

"तिथंच आहे, अब्बा."

"दिसत नाही."

आम्ही कोणीच काही बोललो नाही. होडीचं इंजिन बंद होतं. मग अब्बांनी स्वतःच सांगितलं. त्या रात्री बॅटरी जुनी झाली होती. पहाटे इंजिन चालू होणार नाही, अशी भीती होती. त्यांनी चाचांना सांगितलं, वरची बत्ती बंद कर, जाळं ओढायच्या वेळी लावू. चाचांनी बटण दाबलं. खाली केबिनमध्ये स्वयंपाकाचा एक कंदील तेवढा जळत होता. जहाजाला दिसला असेल तर तो कंदील.

"इतकी वर्षं मी त्या जहाजाला आंधळं म्हणत आलो," अब्बा म्हणाले. "घरातून निघताना अल्लाह निगेहबान म्हणायचो. पण उंट बांधायचा राहिला होता."

परत आल्यावर ते घरी न जाता सरळ चाचांकडे गेले. आम्ही मागे होतो. चाचा ओटीवर बसले होते. अब्बा त्यांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "पोरांना सांगितलं मी. बत्तीचं."

चाचा म्हणाले, "भाई, बत्ती मी बंद केली होती. हात माझा होता."

"हुकूम माझा होता," अब्बा म्हणाले.

याहून जास्त ते दोघं बोलले नाहीत. चाचींनी सगळ्यांना सरबत दिलं. पण चौदा वर्षं चाचा त्या गोष्टीच्या वेळी एक शब्द का बोलत नव्हते, हे आम्हांला त्या रात्री समजलं. ज्याचा हात मोडला, त्यानंच मोठ्या भावाची इज्जत सांभाळली होती. आणि आम्ही त्यांना अबोल स्वभावाचे समजत होतो.

त्या जहाजाची काहीच चूक नव्हती, असं आम्ही म्हणत नाही. धाकट्यानं ते आधीच स्पष्ट केलं होतं. डोळ्यांनी, कानांनी आणि असतील त्या सगळ्या साधनांनी सतत पहारा ठेवणं प्रत्येक जहाजावर बंधनकारक आहे. त्या रात्री त्या ब्रिजवर काय चाललं होतं हे अल्लाहलाच माहीत. पण त्यांच्या चुकीचा हिशेब त्यांच्याकडे. आमच्या वाट्याची चूक आम्ही चौदा वर्षं गोष्टीतून वगळत आलो होतो. त्यामुळे चौदा वर्षं आमची लाँच तशाच दिव्यांनी समुद्रात जात राहिली. एवढ्या मोठ्या प्रसंगातून घरानं काहीच शिकून घेतलं नाही, कारण दोष पूर्णपणे दुसऱ्याचा आहे असं आधीच ठरवून टाकलं होतं.

बंदीच्या दोन महिन्यांत आम्ही काम काढलं. वायरमनला बोलावलं. डोलकाठीपर्यंत गेलेली वायर आतून हिरवी पडली होती, त्यामुळे दिव्यापर्यंत पुरेशी वीज पोचतच नव्हती. फिक्या पडलेल्या काचा बदलल्या. वर लाल आणि खाली पांढरा, असे मासेमारीचे दिवे बसवले. चालतानाचे दिवे आणि मासेमारीचे दिवे वेगवेगळ्या बटणांवर घेतले, आणि बटणांखाली मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलं. दिव्यांसाठी वेगळी बॅटरी घेतली, म्हणजे इंजिनाच्या काळजीनं दिवे बंद करायची वेळ येणार नाही. लाल आणि हिरव्या दिव्यांना आतल्या बाजूनं काळ्या रंगाचा आडोसा लावला. तो नसेल तर लाल दिवा उजवीकडूनही दिसतो आणि खूणच खोटी ठरते. पोरांनी हौसेनं लावलेली रंगीत लुकलुकणारी माळ काढून टाकली. पोरं नाराज झाली, त्यांना ईदच्या दिवशी जेटीला लावायची परवानगी दिली.

आता एक हिशेब सांगतो, तो आम्हांला फार आवडला. 2 मैलांवरून दिसायला दिव्याला 4.3 कँडेला इतकी तीव्रता लागते. एक कँडेला म्हणजे साधारण एका मेणबत्तीचा उजेड. म्हणजे स्वच्छ हवेत काळोख्या रात्री चार-साडेचार मेणबत्त्या पुरतात! 3 मैलांना 12 लागतात आणि 6 मैलांना 94. अंतर तिप्पट करायचं तर उजेड वीसपटींहून जास्त हवा. याची दुसरी बाजूही आहे. काचेवर मीठ साचून अर्धा उजेड अडला, तर 2 मैलांचं अंतर दीड मैलावर येतं. आमचा हिरवा दिवा पाऊण मैलावर गेला, म्हणजे त्याच्यात हवा होता त्याच्या जेमतेम दहावा हिस्सा उजेड उरला होता. दिवा तर जळत होता. जवळून पाहणाऱ्याला तो हिरवागार दिसत होता. जेटीवर उभं राहून आम्ही रोज तो पाहत होतो आणि समाधान मानत होतो.

म्हणून ज्यांच्या घरातलं कोणी रात्री पाण्यावर जातं, त्यांना आमची एवढीच विनंती आहे. दिवा लागतो की नाही एवढंच पाहू नका, तो लांबून दिसतो की नाही ते एकदा लांब जाऊन पाहा. काचा दर फेरीला गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं पुसा. सुकायला टाकलेलं जाळं, ताडपत्री, कपडे दिव्यासमोर येत नाहीत ना, हे बघा. पहाऱ्यावरच्या माणसानं मोबाइल पाहत बसू नये. डोळे काळोखाला पूर्ण सरावायला अर्धा तास लागू शकतो, आणि पडद्याच्या एका नजरेत ते सरावलेपण निघून जातं. बारीकसा दिवा शोधायचा असेल तर थेट त्याच्यावर नजर रोखू नये, थोडं बाजूला पाहावं. काळोखात डोळ्याच्या कडेला जास्त दिसतं. धाकट्याच्या जहाजावर रात्री ब्रिजवर काळोखच ठेवतात. पहारा बदलताना नवा माणूस डोळे सरावेपर्यंत जबाबदारी घेत नाही.

ऑगस्टमध्ये लाँच पुन्हा पाण्यात गेली. पहिल्या फेरीच्या आधी आम्ही तीच तपासणी पुन्हा केली. 2 मैलांवर वरचा लाल आणि खालचा पांढरा दोन्ही स्पष्ट दिसत होते. धाकटा तेव्हा जहाजावर परत गेला होता, त्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आता मला कुठल्याही होडीचा लाल-पांढरा दिसला की वाटतं, कोणाच्या तरी घरातल्यांनी काच पुसून पाठवलंय."

आमच्याकडे काचा अम्मी पुसते. लाँच निघायच्या आधी ती जेटीवर येते, हातात मऊ फडकं असतं. दुआ पुटपुटत ती आधी लाल पुसते, मग हिरवा, मग मागचा. वरचे दोन पुसायला नातवाला चढवते.

गोष्ट आमच्या घरात अजूनही सांगितली जाते. अब्बाच सांगतात, चाचा समोर असले तरी सांगतात. आता ती जहाजापासून सुरू होत नाही. आता ती जुन्या बॅटरीपासून आणि बंद केलेल्या बटणापासून सुरू होते. आणि ते शेवटचं वाक्य अब्बांनी सोडून दिलंय. त्याऐवजी ते मोठ्याला विचारतात, "आज दिवे पाहिलेस का?"